ओल्या काचेपलीकडचे शहर : सॉल लाइटर यांची छायाचित्रकला

छायाचित्रण ही कला आहे की नुसती यंत्राची करामत, हा वाद आता बराचसा मिटला आहे. मोठमोठ्या कलासंग्रहालयांनी छायाचित्रांना चित्रे आणि शिल्पे यांच्या शेजारी मानाचे स्थान दिले आहे. तथापि त्या वादाच्या मागे दडलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. रस्त्यावरून आपल्या वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे कलावंताने कोणत्या नजरेने पाहावे? चित्रकारासमोर बसलेल्या व्यक्तीला आपण न्याहाळले जात आहोत याची जाणीव असते. रस्त्यावरच्या माणसाला ती नसते. त्याची घाई, त्याचा थकवा, त्याचे एकटेपण हे सारे एका क्षणात परक्याच्या मालकीचे होऊन जाते. म्हणूनच या कलाप्रकारात सौंदर्याच्या प्रश्नाला नीतीचा प्रश्न जोडलेलाच असतो.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सहा दशकांहून अधिक काळ कॅमेरा घेऊन फिरलेले अमेरिकन छायाचित्रकार सॉल लाइटर (१९२३-२०१३) यांच्या कलाप्रवासाचा विचार आम्ही येथे या दुहेरी दृष्टीने करीत आहोत. लाइटर यांची नजर ही काहीही हिसकावून न घेणारी नजर आहे, आणि त्यांच्या कलेचे सामर्थ्य व तिची मर्यादा ही दोन्ही याच गुणातून उद्भवतात, असे आमचे मत आहे.

लाइटर यांचा जन्म ३ डिसेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग या पोलादनगरीत झाला. घराणे कर्मठ ज्यू धर्मीयांचे. वडील रब्बी होते आणि तालमूदचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती. तालमूद म्हणजे ज्यू धर्मातील विधी, नीती आणि त्यांवरील पिढ्यान्‌पिढ्यांची चर्चा यांचा महाग्रंथ. मुलाने आपल्यामागून धर्मपीठावर बसावे ही पित्याची स्वाभाविक अपेक्षा होती. त्याच घरात, मुलगा बारा वर्षांचा असताना, आईने त्याला एक साधा कॅमेरा आणून दिला. पुढे हा मुलगा क्लीव्हलँड येथील रब्बींच्या विद्यालयात दाखल झाला. परंतु ग्रंथालयातील चित्रकलेची पुस्तके त्याला अधिकाधिक ओढू लागली. अखेर १९४६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने धर्मशिक्षण अर्धवट सोडले आणि चित्रकार होण्यासाठी तो न्यूयॉर्कला निघून गेला. वडिलांना हा मार्ग कधीच रुचला नाही.

या घटनेवरून घाईने पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यांनी सेमिनरीची वर्षे अनुभवली आहेत, त्यांना ठाऊक आहे की तेथून परत जाणाऱ्या तरुणाच्या पाठीवर केवळ त्याची वळकटी नसते. घरच्यांच्या निराशेचे ओझेही असते. शेजारीपाजारी कुजबुजतात, नातेवाईक विषय टाळतात, आणि तो तरुण पुढे कितीही चांगला निघाला तरी ‘अर्धवट सोडून आलेला’ ही ओळख त्याला सहसा सुटत नाही. लाइटर यांच्या बाबतीत हा दुरावा खोल होता. धर्माभ्यासाहून कनिष्ठ मानल्या गेलेल्या धंद्यात मुलाने जन्म घालवावा, हे पित्याला पटणे शक्य नव्हते. कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण लाइटर यांच्या कलेकडे पाहताना एक प्रश्न आपण जवळ बाळगावा: या माणसाने विद्यालय सोडले खरे, परंतु तेथे शिकलेले सर्वच सोडले काय?

न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ रिचर्ड पूसेट-डार्ट या अमूर्त शैलीच्या चित्रकाराशी पडली. पूसेट-डार्ट स्वतः छायाचित्रणाचेही प्रयोग करीत असत. त्यांच्या संगतीत लाइटर यांना या माध्यमातील शक्यता जाणवल्या. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे प्रदर्शन भरले. ते पाहून लाइटर प्रभावित झाले. सुप्रसिद्ध वृत्तछायाचित्रकार यूजीन स्मिथ यांच्याशीही त्यांचा स्नेह जुळला. स्मिथ यांची काही छायाचित्रे देऊन त्यांच्या बदल्यात लाइटर यांनी आपला पहिला लायका कॅमेरा मिळवला, आणि १९४८ च्या सुमारास त्यांनी रंगीत फिल्म वापरण्यास आरंभ केला.

हा शेवटचा तपशील आजच्या वाचकाला किरकोळ वाटेल. त्या काळी तो किरकोळ नव्हता. गंभीर छायाचित्रकार कृष्णधवल फिल्मच वापरत. रंग म्हणजे जाहिरातीचा आणि हौशी मंडळींच्या सहलींचा विषय, अशी प्रतिष्ठित समजूत होती. रंगीत फिल्म महाग होती, प्रकाशाला मंद प्रतिसाद देणारी होती, आणि तिच्यावरून कागदावर उत्तम प्रती काढणे तर फारच खर्चाचे होते. विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९७६ साली भरले, तेव्हा कुठे कलाजगताने या माध्यमाची गांभीर्याने दखल घेतली, असे सामान्यतः मानले जाते. लाइटर यांनी त्याआधी पाव शतक रंगांत काम केले होते. मुदत उलटून गेलेली स्वस्त फिल्मही ते वापरीत. तिच्यात रंग किंचित ढळत, आणि त्या ढळण्याचा ते स्वागतपूर्वक उपयोग करून घेत. काढलेल्या छायाचित्रांच्या स्लाइड ते घरी पडद्यावर मित्रमंडळींना दाखवीत. बाकी बहुतेक साऱ्या पेट्यांत पडून राहिल्या.

लाइटर यांची प्रेरणास्थाने छायाचित्रकारांपेक्षा चित्रकारांत अधिक सापडतात. पिएर बोनार आणि एदुआर व्ह्यूयार हे दोन फ्रेंच चित्रकार त्यांना विशेष प्रिय होते. या दोघांनी रणांगणे, राज्याभिषेक किंवा पुराणकथा रंगवल्या म्हणून ते थोर ठरले नाहीत. जेवणाच्या मेजावरची फळांची परडी, शिवणकाम करीत बसलेली आई, खिडकीतून आत आलेले दुपारचे ऊन, भिंतीवरच्या नक्षीत जवळजवळ मिसळून गेलेली एखादी स्त्री, असे त्यांचे विषय. घरगुती जीवनातील हे मूक क्षण त्यांनी रंगांच्या मांडणीतून उजळले. लाइटर यांनी हाच घरगुतीपणा उचलून रस्त्यावर नेला, असे आम्हांस वाटते.

दुसरी प्रेरणा जपानी. लाइटर जपानी चित्रे आणि पुस्तके आवडीने जमवीत. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या १८५६ ते १८५८ या काळातील एदो नगराच्या चित्रमालिकेत एक खास युक्ती वारंवार दिसते: अगदी समोर एखादे जाड खोड, छपराची कड किंवा पताका चित्राचा मोठा भाग व्यापून टाकते, आणि खरे दृश्य तिच्या मागे, फटीतून, लांबवर दिसते. पाऊस आणि हिमवर्षाव हेही त्याचे आवडते विषय. लाइटर यांची छायाचित्रे पाहिली की हे नाते लगेच ओळखू येते.

काही कलाकृती प्रत्यक्ष पाहू. १९५७ च्या सुमाराचे ‘थ्रू बोर्ड्‌स’, म्हणजे ‘फळ्यांमधून’, हे छायाचित्र घ्या. चित्राचा बहुतांश भाग काळोख्या फळ्यांनी झाकलेला आहे. मध्ये एक अरुंद आडवी फट. त्या फटीतून रस्त्याचा तुकडा, जाणारे वाहन आणि माणसाची चाहूल एवढेच दिसते. दुसरा एखादा छायाचित्रकार फळ्यांपुढे जाऊन उभा राहिला असता आणि रस्ता ‘नीट’ टिपून परतला असता. लाइटर फळ्यांमागेच थांबले. आपल्याला शहराचे दर्शन किती होते? एका फटीएवढेच होते, ही कबुली त्या चित्रात आहे.

१९५८ च्या ‘कॅनपी’ या छायाचित्रात दुकानासमोरच्या छताची काळी सावली चित्राचा मोठा हिस्सा गिळून बसली आहे, आणि खाली उरलेल्या पट्टीत हिमवर्षावातून माणसे वाट काढीत आहेत. १९६० च्या ‘स्नो’ मध्ये तर कॅमेरा आणि रस्ता यांच्यामध्ये वाफेने धुरकटलेली काच आहे. काचेवरून ओघळ उतरले आहेत; त्यांच्यामागे एक माणूस उभा आहे, पाठीमागे पिवळ्या रंगाचा मोठा ठिपका. चेहरा ओळखू येत नाही. तरीही थंडी, थांबणे आणि एकटेपण हे तिन्ही आपल्यापर्यंत पोहोचतात. १९५७ च्या ‘टॅक्सी’ मध्ये प्रवासी जवळजवळ अंधारात आहे. खिडकीत दिसतो तो पट्टा धरलेला त्याचा हात. त्या हातावरून आपण संपूर्ण माणसाची कल्पना करू लागतो. आणि १९५० च्या सुमाराच्या ‘फूटप्रिंट्‌स’ मध्ये उंचावरून पाहिलेला बर्फाळ पदपथ, त्यावर उमटलेली पावले आणि तांबडी छत्री. छत्रीखालची व्यक्ती कोण, कुठे निघाली, हे कोणी सांगत नाही. सांगण्याची आवश्यकताही भासत नाही.

या सर्व चित्रांत एक समान सूत्र आहे. ज्याला आपण अडथळा म्हणतो, तोच लाइटर यांचा मार्ग आहे. धुके, पाऊस, ओली काच, छत्री, प्रतिबिंब, पडदा यांच्या आडूनच ते माणसाला पाहतात. पुष्कळदा ते दूरचे दृश्य जवळ आणणारे लांब भिंग वापरीत. अशा भिंगामुळे पुढची आणि मागची वस्तू एकाच पातळीवर आल्यासारखी भासते, आणि छायाचित्राला चित्राचा सपाटपणा लाभतो. ही झाली तंत्राची बाजू. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे की, या आडोशामुळे समोरच्या माणसाचे खासगीपण शाबूत राहते. तो आपल्याला दिसतो, पण आपल्या हाती सापडत नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव ‘निर्णायक क्षण’ या कल्पनेशी कायमचे जोडले गेले आहे: हालचालीचा, अर्थाचा आणि रचनेचा संगम ज्या पळात होतो ते पळ चित्त्याच्या चपळाईने पकडावे. लाइटर यांच्याकडे असे झडप घालणे नाही. त्यांचा क्षण निर्णायक नसून संदिग्ध आहे; पाहणाऱ्याला काही काळ त्याच्यापाशी बसावे लागते.

येथे आम्ही एक अनुमान वाचकांपुढे ठेवतो. ते अनुमानच आहे, लाइटर यांचे स्वतःचे विधान नव्हे. तालमूदच्या रूढ छापील पानाची रचना मोठी वैशिष्ट्यपूर्ण असते. मध्यभागी मूळ मजकूर, आणि त्याच्या चारी बाजूंना शतकानुशतकांच्या भाष्यकारांची टिपणे. वाचणारा केवळ मध्यावर नजर ठेवून पुढे जाऊ शकत नाही. अर्थ शोधण्यासाठी त्याला सतत कडेला जावे लागते. बालपणापासून ज्याने अशी पाने वाचली, त्या माणसाच्या छायाचित्रांत मध्यभाग वारंवार झाकलेला असावा आणि जे महत्त्वाचे ते कडेला, फटीत, कोपऱ्यात सापडावे, हा निव्वळ योगायोग असेल काय? ओळ न ओळ थांबून वाचण्याची, एका शब्दापाशी दिवसभर बसण्याची जी शिस्त त्यांनी विद्यालयात घेतली, ती त्यांनी टाकून दिली नाही, असे आम्हांस वाटते. वाचावयाचे पान तेवढे बदलले. सुमारे सहा दशके ते न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात, एकाच रस्त्यावर राहिले आणि बहुतेक छायाचित्रे आपल्या वस्तीच्या आसपासच काढीत राहिले. तेच पान पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या अभ्यासकाचा हा स्वभाव आहे.

लाइटर यांचा चरितार्थ चालला तो फॅशनच्या छायाचित्रणावर. ‘हार्पर्स बझार’ या विख्यात मासिकाचे कलासंपादक हेन्री वुल्फ यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना काम दिले, आणि पुढे सुमारे वीस वर्षे अमेरिकेतील व युरोपातील अनेक नियतकालिकांत त्यांची छायाचित्रे झळकली. उंची वस्त्रे ल्यालेल्या तरुणींनाही त्यांनी काचेआड, आरशात, रस्त्याच्या गर्दीत उभे केले. यातील काही छायाचित्रे सुंदर आहेत. परंतु रस्त्यावरील चित्रांत जो आडोसा गरजेतून आलेला वाटतो, तो येथे कधी कधी सजावट होऊन बसतो. वस्त्र विकायचे आहे हे ठाऊक असताना वरून धुके पसरले तर ते धुके खरे वाटत नाही. एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरण्याचा धोका लाइटर यांनाही चुकलेला नाही, हे रसिकांनी मोकळेपणाने मान्य करावे.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. लाइटर रस्त्यावर फिरत होते, तो काळ अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा, युद्धांचा, मोठ्या उलथापालथीचा होता. रॉबर्ट फ्रँक यांच्या ‘द अमेरिकन्स’ या १९५८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने त्या देशाच्या समृद्धीआडची विषण्णता उघडी केली. लाइटर यांचे स्नेही यूजीन स्मिथ १९७१ मध्ये जपानमधील मिनामाता येथे जाऊन राहिले आणि कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेल्या समुद्रामुळे पंगू झालेल्या जीवांची व्यथा त्यांनी जगापुढे मांडली. अशा साक्षीपुढे तांबडी छत्री आणि ओली काच म्हणजे सुखवस्तू डोळ्यांचे लाड नव्हेत काय?

आम्ही हा आक्षेप हलक्याने बाजूला सारू इच्छित नाही. पीडितांच्या बाजूने उभी राहणारी कला ही मानवजातीची मोठी ठेव आहे, आणि त्या मापाने लाइटर यांचे दान लहान आहे. परंतु स्मिथ यांच्याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. मिनामाता येथे एक माता आपल्या जन्मतः पंगू मुलीला न्हाऊ घालीत असल्याचे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. अनेकांना त्यात ‘पिएता’ या शिल्पाची, कुशीत पुत्राचे कलेवर घेतलेल्या मरियामातेची, आठवण झाली. त्या छायाचित्राने लाखोंची मने हलवली यात शंका नाही. पण मुलगी निवर्तल्यावर तिचे ते रूप जगाने सतत पाहत राहावे हे आईवडिलांना जड जाऊ लागले, आणि १९९८ मध्ये स्मिथ यांच्या त्या कामातील सहकारी आयलीन स्मिथ यांनी त्यांच्या भावनेचा मान राखून ते छायाचित्र यापुढे प्रसृत न करण्याचा निर्णय घेतला. उदात्त हेतूने घेतलेली नजरसुद्धा कोणाकडून तरी काही घेऊनच जाते, हे यातून दिसते.

लाइटर यांनी कोणाकडून काही नेले नाही. त्यांनी कोणाला न्यायही मिळवून दिला नाही, हेही तितकेच खरे. ही दोन्ही वाक्ये एकत्र उच्चारली तरच त्यांच्या कलेचे योग्य मूल्यमापन होईल. मात्र आम्ही एवढे पुढे जाऊन म्हणू, की परक्या माणसाला हात न लावता, त्याची किंमत न ठरवता, त्याच्याकडे आदराने पाहण्याची सवय ज्याला नाही, त्याने केलेली सेवासुद्धा लवकरच प्रदर्शन होऊन बसते. या अर्थाने लाइटर यांची कला साक्षीच्या अलीकडची, पण साक्षीला आवश्यक अशी पायरी आहे.

त्यांच्या जीवनाचा उत्तरार्ध याला साजेसाच आहे. १९५३ मध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील तरुण छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची कृष्णधवल छायाचित्रे मांडली होती; १९५७ मध्ये तेथेच त्यांच्या काही रंगीत स्लाइड दाखवल्या गेल्या. दुसरा कोणी असता तर या दारातून आत घुसला असता. लाइटर घरी परतले आणि चित्रे रंगवीत बसले. पुढे फॅशनचे काम आटले, आणि १९८१ मध्ये त्यांना आपला व्यावसायिक स्टुडिओ बंद करावा लागला. त्यानंतरची वर्षे तंगीची आणि विस्मृतीची होती. त्यांची जीवनसाथी, चित्रकार सोम्झ बँट्री, या काळात त्यांच्यासोबत होती. २००२ मध्ये तिचे निधन झाले. १९९० च्या दशकात जुन्या स्लाइडवरून प्रती काढण्याचे काम सुरू झाले, न्यूयॉर्कच्या हॉवर्ड ग्रीनबर्ग गॅलरीने त्यांची चित्रे मांडली, आणि २००६ मध्ये ‘अर्ली कलर’ हे पुस्तक निघाले. त्या पुस्तकाने ८२ वर्षांच्या या माणसाला जगापुढे आणले. २००८ मध्ये पॅरिस येथे आणि २०१२ मध्ये जर्मनीतील हँबर्ग येथे त्यांची मोठी प्रदर्शने भरली. टॉमस लीच यांनी त्यांच्यावर काढलेल्या माहितीपटाच्या नावातच हे सांगितले आहे की या माणसाला कसलीही मोठी घाई नव्हती. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी लाइटर यांचे निधन झाले.

आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही हे एक भाग्यच आहे, अशा आशयाचे उद्गार लाइटर यांनी काढलेले आहेत. त्यांत वृद्धाचा मिश्कीलपणा आहे, थोडी वेदनाही असावी. कीर्तीच्या अभावी हजारो स्लाइड नष्ट होण्याची शक्यता होती, आणि तसे घडते तर ती हानी भाग्याची म्हणता आली नसती. म्हणून त्या उद्गाराला उपदेश समजू नये. त्यातील एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे: कोणी पाहणार आहे म्हणून त्यांनी पाहिले नाही.

आज आपल्या प्रत्येक घरात मोबाइलचा कॅमेरा आहे. बाप्तिस्मा, लग्न, सण, इतकेच नव्हे तर अंत्यविधीसुद्धा आपण अखंड टिपत असतो, आणि टिपलेले क्षणात चारचौघांना पाठवतो. शोकात बुडालेल्या विधवेच्या चेहऱ्यासमोर हात उंचावून कॅमेरा धरला जातो, तेव्हा तिला कोणी विचारलेले नसते. अशा वेळी लाइटर यांच्या पुस्तकाची दहा पाने चाळणे घरातील थोरामोठ्यांना आणि मुलांनाही हितावह ठरेल. त्या पानांत समोरच्या माणसाला पाहण्याचे आणि तरीही त्याचे त्याच्यापाशी राहू देण्याचे वळण आहे. आणि ज्या पित्याला मुलाचा मार्ग पटला नाही, त्याच्याविषयीही ती पाने काही सांगून जातात. पित्याने मुलाला जे शिकवले ते वाया गेले नव्हते. न्यूयॉर्कच्या एका गल्लीत, बर्फात उभे राहून, तो मुलगा अजूनही हळूहळू वाचतच होता.